पाटीचं पाकीट

नातीने आजोबांसाठी वाचायचं यंत्र पाठवलं. आजोबांनी ते उलटंसुलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याची शिवण कुठाय?"

त्यांना दुसरं काय सुचणार? आजोबांनी उभा जन्म पुस्तकं बांधण्यात घालवला होता. छापखान्यातून आलेल्या मोठाल्या छापील कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायच्या, ते एकावर एक रचायचे, पाठीतून सुईदोरा ओवायचा, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. त्यांनी बांधलेलं पुस्तक फाटेल पण सुटणार नाही, असं छापखानेवाले म्हणत. पुढे डोळ्यांच्या बरोबर मधोमध डाग धरला. कडेकडेचं दिसे, समोरचं पुसून जाई. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत आणि 'हो', 'नको', 'चहा झाला का' एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

त्यांची सून घरीच शिवणकाम करायची. ओठांत कायम टाचण्या धरून बोलायची, म्हणून गल्लीत तिचं नाव टाचणीताई पडलं होतं. फोनवर लेक म्हणाली, "आई, त्याची काच नाजूक आहे गं. आजोबांच्या हातून पडलं की संपलंच. एखादं पाकीट शिव ना, हातात धरायच्या क्लच पर्ससारखं."

"त्यांना हवंय कुठे ते? पाटी म्हणतात त्याला. कोरी पाटी."

"तू शिव तर खरी."

ताईने पडद्याचं उरलेलं जाड निळं कापड काढलं, आतून पिवळं मऊ फलालीन, मधे स्पंजची पट्टी. पाटीची लांबीरुंदी मोजली, शिवणीपुरती माया सोडली आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर एका बैठकीत पाकीट शिवून टाकलं. पण पाटी आत जाईना. तान्ह्या पोराच्या डोक्यातून घट्ट गळ्याचा सदरा घालावा तशी ओढाताण चालली.

"काय चाललंय?" खिडकीशी बसलेल्या आजोबांनी विचारलं.

"तुमच्या पाटीला झबलं शिवलंय, मामंजी. अंगाला होत नाही."

"जाडी धरलीस?"

ताईने जीभ चावली. लोकांची पोटं मापताना कधी चूक नाही झाली, आणि या एवढ्याशा चिजेलाही पोट असतं हे ती साफ विसरली होती.

"पुठ्ठा कापताना पाठ आधी मोजतात," मामंजी म्हणाले. "आण इकडे."

कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत पाटीची कड धरली. "पेन्सिलीएवढी आहे. वर तुझा स्पंज. सैल ठेव, पुस्तकाला श्वास घेता आला पाहिजे."

ताईने नवे तुकडे कापले. सगळं उलट्या बाजूने शिवलं, अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा उघडी ठेवली आणि ते गबाळं मामंजींच्या हातात दिलं. "आत बोटं घाला आणि ओढा."

ते ओढत गेले. निळं कापड त्या फटीतून हळूहळू बाहेर येऊ लागलं, आधी एक कोपरा, मग दुसरा, मग सगळं अंग. फलालीन आत सरकलं, शिवणी लपल्या, आणि हातात उरलं ते गुबगुबीत, गुळगुळीत पाकीट.

"अख्खं?" मामंजी चाचपत म्हणाले. "एवढ्याशा भोकातून अख्खं आलं?"

"अख्खं आलं."

"जन्म सुईत गेला माझा," ते म्हणाले, "आणि हे ठाऊक नव्हतं." त्यांनी ते दोनदा पुन्हा उलटं केलं नि पुन्हा सुलटं केलं. ताई हसू दाबत बघत राहिली.

मघाच्या ओढाताणीत पाटीला काही झालं तर नाही ना, म्हणून तिने ती सुरू करून पाहिली, लेकीने आत भरून पाठवलेलं पहिलं पुस्तक उघडलं आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "आता घालून बघा."

पण सवयीचा माणूस, घालण्याआधी पुन्हा मापणार! त्यांनी अंगठा आणि तर्जनी काचेवर टेकवली आणि रुंदी घ्यायला ताणली. मग तशीच आणखी एकदा ताणली. त्यांचा हात थबकला.

"सूनबाई."

"काय झालं?"

"हा 'स' आहे."

ताईने वाकून पाहिलं. बारीक मुंग्यांसारखी अक्षरं फुगून टपोऱ्या बोरांएवढी झाली होती. मामंजींनी पुन्हा बोटं फाकवली. अक्षरं आणखी वाढली. कोंबडा दाण्याकडे बघतो तशी मान तिरकी करून त्यांनी पाटी डोळ्याच्या कडेला आणली.

"समुद्र... शांत होता... आणि म्हणूनच... नावाडी घाबरला."

 ओठांतल्या टाचण्या ताईने गुपचूप काढून ठेवल्या.

"हे मी बांधलंय," मामंजी कुजबुजले. "घडी घालताना या ओळीवर अंगठा यायचा माझा. गठ्ठेच्या गठ्ठे बांधलेत याचे."

"मग गोष्ट पाठच असेल."

"पाठ शिवली गं मी. पोट कधी पाहिलंच नाही. वाचत बसलो असतो तर बांधलं कुणी असतं?"

त्यांनी सवयीने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटायला काचेवर फिरवला. काचेवर ओला पट्टा उमटला, पण पान उलटलं. ते दचकले, मग पोट धरून हसले. ताईनेही हसत पदराने काच पुसली.

मग ते वाचू लागले. चार शब्द, थांबा, पुन्हा चार शब्द. वादळ आलं तेही तुकड्यातुकड्यांनी, शीड फाटलं तेही तसंच. पण आवाज! चहा झाला का विचारणारा तो आवाज नव्हताच हा. नावाडी ओरडला तेव्हा मामंजी असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून "सगळं ठीक ना?" विचारलं.

"ठीक आहे!" ताई खिडकीतून म्हणाली. "आम्ही समुद्रात आहोत!"

मशीनचा आवाज नको म्हणून तिने अस्तराची ती फट हातानेच टिपायला घेतली. सुई कापडात अर्धी गेली आणि तिथेच राहिली. समोर तिरकी मान, मांडीवर उजळ काच, आणि एका वेळी चारच शब्द मावणाऱ्या त्या खिडकीतून अख्खा समुद्र घरात येत होता.

मामंजी दम खायला थांबले.

"मामंजी," ताई म्हणाली, "मग? वाचला का तो?"

"मला काय ठाऊक?" मामंजी म्हणाले आणि अंगठा पुन्हा जिभेकडे नेला. "बघू या की."