उरलेली भाकर

माझी थोरली बहीण ओकबुन वर्षातून चार रविवारी कोसळत असे, आणि त्या चारही रविवारी तिच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याचा विधी, असे. आधी अंगावर गांधी उठत, मग ओठ सुजत, मग डोळ्यांपुढे अंधारी येई. एरवी ती धडधाकट.

कोरियातल्या योसू शहराच्या टेकडीवरच्या त्या मंडळीला याचे स्पष्टीकरण माझ्याआधी सापडले होते. जो अयोग्य रीतीने ही भाकर खातो तो स्वतःचा दंड खातो, असे शास्त्रात आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी प्यो यांनी ते वचन ओकबुनला लावले. पुढच्या प्रभुभोजनाआधी तिने सगळ्यांसमोर उभे राहून लपवलेले पाप कबूल करावे, नाहीतर तिला भाकर मिळणार नाही, असे ठरले. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. देवाविषयी माझ्याजवळ कोणताही पुरावा नाही. पण इतक्या तुटपुंज्या निरीक्षणावरून इतका मोठा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला मी नळ्या धुवायलाही ठेवले नसते.

संताप याचा आला की ती पाप शोधू लागली होती.

"आईला शेवटी वृद्धाश्रमात ठेवलं, ते असेल का रे?"

"ताई, तेव्हा तुझ्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं."

"मग धाकट्या जावेशी बोलणं टाकलं, ते?"

"त्याने ओठ सुजत असते, तर योसूत एकाही बाईचं तोंड मिटलं नसतं."

ती हसली नाही. "तू कर थट्टा. प्रभूने स्वतःचं शरीर मोडून दिलं, ती ही भाकर. सगळ्यांबरोबर माझाही हात पुढे होतो ना, तेवढ्यापुरती मी कुणाची मोलकरीण नसते. तीच काढून घेतली तर माझ्याकडे काय उरतं?"

गव्हाचा संशय मला पहिल्यापासून होता, पण तो टिकत नव्हता. गव्हाच्या शेवयांचे सूप ती आवडीने रात्री खाते आणि शांत झोपते. शिवाय प्रभुभोजनातला तुकडा नखाएवढा. शेवटी मी तिला त्या रविवारची हकीकत क्रमाने सांगायला लावली.

"उपासना संपली की तबकं खाली स्वयंपाकघरात येतात. मग मी उरलेलं संपवते."

"उरलेलं काय?"

"भाकर. ती कचऱ्यात टाकायची नाही, घरी न्यायची नाही. प्रभूचं मेज भरलेलं दिसावं म्हणून प्यो साहेब पाव जास्तच मागवतात."

"बाकीच्या बायका?"

"त्यांची वजनं वाढतात म्हणे. मग मीच खाते, उभ्या उभ्या, पाण्याबरोबर."

"आणि मग?"

"मग काय, सूपची पातेली वर न्यायची. चूल तळघरात, पंगत तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे ना तिथे?"

"ती ज्येष्ठांसाठी. ते खाली-वर करतात, मध्ये पातेलं घेऊन कुठे शिरणार?"

मी हातातला कप खाली ठेवला. नाहीतर तो भिंतीवर फुटला असता.

इस्पितळातल्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन हाताशी ठेवून वेगवेगळ्या दिवशी चाचण्या घेतल्या. पाव खाऊन ओकबुन बसून राहिली : काही झाले नाही. पाव न खाता चालायच्या यंत्रावर चालली : काही झाले नाही. पाव खाऊन चालली, आणि मानेवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी यंत्र थांबवून इंजेक्शन दिले.

"म्हणजे पाप नव्हतं?" तिने विचारले.

"नव्हतं."

"मग मी रोज रात्री आईची माफी कशाबद्दल मागत होते?"

याचे उत्तर मागायला मी ज्येष्ठांच्या बैठकीत गेलो.

"म्हणजे प्रभूच्या भाकरीत विष होतं, असं म्हणायचंय तुम्हाला?" प्यो म्हणाले.

"भाकरीत गहू होता. बाकीचं तुम्ही केलंत."

"जीभ सांभाळा. शास्त्रवचन तुमच्या काचेच्या नळीत मावत नाही."

"वचन मी मागचं-पुढचं धरून वाचून आलोय. एकाच मेजावर काही जण यथेच्छ जेवत होते आणि काही उपाशी राहत होते, म्हणून लिहिणारा चिडलाय. तुम्ही त्यातली एक ओळ कापलीत आणि माझ्या बहिणीच्या गळ्यात अडकवलीत."

मंडळीचे धर्मगुरू, पाळक नाम्गुंग, बैठकीत होते. ते म्हणाले, "कबुली होणार नाही. तिच्यासाठी तांदळाची भाकर करू. ती पहिल्या रांगेत बसेल."

"ते ठीक," प्यो म्हणाले, "पण मग पातेली वर कोण नेणार?"

मी पायावर पाय टाकून बसलेल्या प्यो यांच्या बुटांकडे पाहिले. तळ कोरे करकरीत होते, जिना न चढलेले.

"मंडळीला मी काय सांगू?" पाळकांनी मला विचारले.

"कारण सांगा."

कारण असे. गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार गहू खाऊन स्वस्थ बसले तर दिसत नाही. पुरेसा गहू खाऊन लगेच अंगमेहनत केली तर दिसतो. ओकबुन सगळी उरलेली भाकर खात होती, कारण दुसरे कोणी खात नव्हते. आणि त्यानंतर लगेच पातेली तिसऱ्या मजल्यावर नेत होती, कारण दुसरे कोणी नेत नव्हते.