समितीपुढचा आकडा

मंत्रालयात तिला सगळे वकीलबाई म्हणत, आणि ती जिन्यावर दिसली की अर्ध्या माणसांना भर सकाळी भूक लागून कॅन्टीन आठवे. तिचं मागणं तरी काय होतं? कोणालाही उचलून गायब करणार नाही, असा करार सरकारने साऱ्या जगापुढे केला होता. तो कसा पाळला, याचा अहवाल परदेशातल्या समितीला द्यायचा होता. मुदत उलटून कैक वर्षं झाली, तरी सरकार ढिम्म. "माहिती मागवली आहे," उपसचिव चहा पुढे करत म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्चीला चिकटलेला होता. ती भांडली नाही. कधी गोड बोलून, कधी शेजारच्या देशांचे अहवाल दाखवून, कधी मसुद्याला आपल्या संस्थेतली माणसं देऊ करून तिने त्यांचा पिच्छा पुरवला.

घरी बाबा वाट पाहत. तिच्या धाकट्या भावाला साध्या वेशातले पोलीस जेवत्या ताटावरून घेऊन गेले, त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. ठाण्यात तक्रारसुद्धा घेतली नाही. आम्ही नेलंच नाही, म्हणाले. अहवाल गेला की समिती सरकारला उभं करून विचारेल, यांचा मुलगा कुठे आहे, असं बाबांनी मनाशी पक्कं धरलं होतं. तिथे एकेकट्याचं नाव निघत नाही, कायदे आणि आकडे यांचीच चर्चा होते, हे तिला ठाऊक होतं. पण बाबा त्या आशेवर दोन घास जास्त खायचे. कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि एके दिवशी अहवाल खरंच गेला. सहकाऱ्यांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मग तिने तो वाचला. बेपत्ता माणसं सतरा. मोजणी नोंदवलेल्या तक्रारींवरून केली होती. ज्यांची तक्रारच घेतली नाही, ते सरकारच्या लेखी हरवलेच नव्हते. तिच्या संस्थेने हरकत पाठवली, समितीने ती ठेवून घेतली.

सुनावणीला सहकारी गेले, ती बाबांजवळ थांबली. दुपारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, कानातलं यंत्र नीट बसवलं आणि सुनावणीचं थेट प्रक्षेपण बघायला कॉम्प्युटरसमोर ताठ बसले. सरकारी प्रतिनिधीने घसा खाकरला. "आमच्याकडे अशी सतरा प्रकरणं आहेत," तो म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

"त्याचं नाव कधी घेणार?" बाबांनी विचारलं.

"इथे नावं घेत नाहीत, बाबा. आकडाच सांगतात." शेवटी तिच्या तोंडून निघालं.

बाबांनी कानातलं यंत्र पुन्हा दाबून बसवलं. मग म्हणाले, "असू दे. पण त्या सतरामध्ये आपला आहे ना?"

खोटी माहिती देऊ नका, म्हणून तिने अख्ख्या मंत्रालयाचं डोकं खाल्लं होतं.

"आहे, बाबा."

"मग ते परत लाव ना. आत्ता तो बोलला ते."

तिने परत लावलं. तो माणूस पुन्हा सतरा म्हणाला. बाबांनी तिचा हात धरला.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "आपला धरून."