ठोकळा कोण धरणार

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मिस्त्री शेडमध्ये तिचीच वाट बघत होते. "औषधं घेऊन येते, तोवर भोकं साफ करून ठेवा," असं सांगून ती बाहेर पडली होती. औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. फोन तिच्या थोरल्या बहिणीचा आला. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, फोन तसाच चालू बाकावर ठेवला, हवेच्या पंपाचा नळ बंद केला, नळीत राहिलेली हवा सोडून दिली आणि मग निघाले.

तो फुस्स आवाज पलीकडे ताईंना ऐकू गेला. पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "मी इकडे बहीण गेली म्हणून सांगतेय, आणि भावोजी तिकडे हवा सोडत बसलेत!"

शेडमध्ये विमान होतं. युद्धात तळ्यात पडलेलं, एकट्या वैमानिकाचं लढाऊ विमान. वैमानिक पोहत काठाला लागला, विमान गाळात रुतून राहिलं. हौशी लोकांच्या एका मंडळाने ते वर काढलं आणि मिस्त्रींच्या हवाली केलं. मिस्त्रींनी आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधलेल्या, पत्रा त्यांच्या हातचा. पण पंखाचं रिव्हेट एकट्याने बसत नाही. बाहेरून एकाने हवेच्या बंदुकीने ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, तेव्हा आतलं टोक चेपतं आणि दोन पत्रे एक होतात. चाक मिटून बसतं त्या खणात बायको डोकं-खांदे घालून बसायची आणि बारीक हात आतल्या फासळ्यांमधून पार पुढे न्यायची. दुसऱ्या कुणाचा हात तिथवर पोचत नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, म्हणून सगळे त्यांना दातवाले म्हणत. माणूस भला. बायको गेल्यावर तिच्या जागी आधी तेच खणात शिरले होते. कोपर असं अडकलं की साबणाचं पाणी ओतून सोडवावं लागलं.

त्यानंतर एका सकाळी ते पुट्टीचा डबा घेऊन आले.

"मिस्त्री, एका बाजूने बसणारे रिव्हेट मिळतात. आत कुणी लागत नाही. पंख बंद करा, वर पुट्टी मारू, रंग देऊ आणि संग्रहालयात छताला टांगू. खालून कुणाला काय दिसतंय?"

"असल्या रिव्हेटांनी पंख भार घेणार नाही."

"छताला टांगल्यावर कसला भार?"

"मग तळ्यातून कशाला काढलं? तिथे काय वाईट होतं? विमान आहे हे, झुंबर नाही. आणि तुमचं आपलं भोक दिसलं की बुजवायचं!"

दातवाले हसले, पण डबा त्यांनी बाकावरच ठेवला. "मंडळी कंटाळलीत हो. रविवारी बैठक आहे. तोवर आत बसणारं कुणी मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर मला ठराव मांडावा लागेल."

"मांडा. पुट्टीचा हात माझ्या पंखाला लागणार नाही."

"पंख मंडळाचा आहे, मिस्त्री."

दातवाले गेल्यावर मिस्त्रींनी डबा उचलून दाराबाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. बहिणीचा स्वेटर आणि उशी न्यायला आले म्हणाल्या. ताईही अंगाने बहिणीसारख्याच, मूठभर. जीभ मात्र दोघींची मिळून एकटीकडेच आलेली.

"नळ बंद केलात का तेवढा? नाहीतर मी थांबते," त्या दारातूनच म्हणाल्या.

मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली. "ताई, एकदा नळी सुटून तिच्या गालावर बसली होती. तेव्हापासून नळ उघडा टाकून कुणी जागा सोडायची नाही, हा तिचा हुकूम. तुमचा फोन आला तेव्हा माझं डोकं चालत नव्हतं. हात चालले, ते तिने सांगितलं होतं तसे."

ताईंनी स्वेटर उचलला, झटकला, परत ठेवला. मग पंखाकडे बघून म्हणाल्या, "गालावरचा डाग तो हाच होय? मला म्हणाली, कपाटाचं दार लागलं. आणि काय करायची ती इथे?"

"ठोकळा धरायची."

"नुसता धरून बसायची? संसारातही तेच केलं बिचारीने."

"नुसता नाही. सरळ धरावा लागतो. सगळ्यांना जमत नाही."

"म्हणजे मला जमणार नाही?"

"मी तसं म्हणालो का?"

"सरका!" ताईंनी चपला काढल्या आणि खणात शिरल्या.

पहिल्या ठोक्याला त्या किंचाळल्या आणि ठोकळा पंखात पडला. दुसऱ्या खेपेला आतून काहीतरी ओरडत राहिल्या. बसच्या बॉड्या ठोकून ठोकून मिस्त्रींचे कान अर्धे गेलेले, पत्र्याआडचं त्यांना ऐकू येत नसे. शेवटी त्या लालबुंद होऊन बाहेर आल्या. "बहिरे आहात का?"

"आहे. बोलायचं नाही, आतून ठोकायचं. मी पत्र्याला तळवा लावून असतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बस. तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक."

"आणि शिवी द्यायची असेल तर?"

"ती जोरात ठोकायची."

दुपारपर्यंत बसलं त्यापेक्षा जास्त काढून टाकावं लागलं. एका रिव्हेटला तीन ठोके आले तेव्हा मिस्त्री चिडले. बाहेरून ते छान दिसत होतं. त्यांनी आरसा आत धरून पाहिलं. टोक वाकडं चेपलेलं. बायकोने चालवून घेतलं असतं असं त्यांना वाटलं, आणि मग आठवलं की तिनेही कधी चालवून घेतलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने ड्रिल उचललं. डोळे पुसायला मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं, आणि आतून लगेच एक ठोका आला, चांगला जोरात.

रविवारी बैठकीच्या आधी दातवाले मंडळाच्या दोघांना घेऊन आले. बंदूक चालू होती. खणातून दोन पाय बाहेर आलेले.

"कोण आलंय?" बंदूक थांबली तसा आतून आवाज आला.

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. दातवाल्यांनीच खाली वाकून सांगितलं, "मी, मंडळाचा अध्यक्ष. दाराबाहेर माझा डबा दिसला."

"तो तिथेच आहे. जाताना घेऊन जा. दातांना लावा."

मंडळाचे दोघे फिस्सकन हसले. दातवाल्यांनी कोपर चोळलं. पंखाला लावलेला मिस्त्रींचा तळवा त्यांनी पाहिला, नव्याने बसलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. "किती दिवस येणार आहेत या?" त्यांनी मिस्त्रींच्या कानाशी येऊन विचारलं.

"मी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा, हिंमत असेल तर."

"आणि मंडळाने ठराव केलाच तर?"

"तर मंडळाने स्वतः येऊन पुट्टी मारावी. मी आणि ताई इथेच असू. आमच्या अंगावरून मारावी लागेल."

ठराव त्या दिवशी मांडला गेला नाही. डबा दातवाल्यांनी परत नेला.

पंखाची आतली ओळ झाली आहे. बाहेरची तशीच उघडी आहे. शेपटीला अजून हात लागलेला नाही. इंजिन गाळाने गच्च झालंय, ते फिरत नाही.