दासीचं नाव

माझ्या चष्म्याची शपथ, सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर नातीला मला आजी म्हणू देऊ नका.

नात सात दिवसांची होती. सून पलंगावर, मी पाळण्यापाशी, आणि आमचा मास्तर हातात यादी घेऊन येरझारा घालत होता. मास्तर म्हणजे माझा मुलगा, कॉलेजात जुनी नाटकं शिकवतो. दुपारी कचेरीत जाऊन पोरीचं नाव नोंदवायचं होतं. एकदा लिहिलं की जन्मभराचं. यादीत सगळ्या थोर थोर नायिका.

"ही कशी वाटते?"

"पाचव्या अंकात विष पिते."

"बरं, ही?"

"विहिरीत."

"आई, ही तर राणी आहे!"

"आहे ना. वेड लागलेली."

चाळीस वर्षं मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. कोण कधी मरतं, सगळं तोंडपाठ.

सून हसत म्हणाली, "मग आई, जगतं कोण ते तरी सांगा."

"दासी! चौथ्या अंकात येते, 'बाईसाहेब, दिवा आणलाय' म्हणते आणि धडधाकट घरी जाते."

मास्तरने कपाळाला हात लावला. "माझ्या मुलीला दासीचं नाव?"

"ऐक रे शहाण्या. आमच्या सगळ्यात जुन्या नाटकाला एकदा दासीवालीच आली नाही. तिचे कपडे चढवून मला स्टेजवर ढकललं. बघते तर नायिका पार कोरी, एक शब्द आठवेना! विंगेत प्रॉम्प्टर नाही, कारण प्रॉम्प्टर दिवा धरून तिच्यासमोर उभी. मग मीच म्हटलं, 'बाईसाहेब, तुम्ही आत्ता म्हणणार होतात ना, की हे राज्य मला नको?' ती म्हणाली, 'हो गं बाई, तेच!' असे दोन अंक रेटले. राजा गडबडला, त्यालाही सांगितलं, 'महाराज, आता आपण चिडायचं.' विषाचा पेला आला तो मी उचलूनच नेला. म्हटलं, 'राहू द्या, नासलंय.' त्या दिवशी नायिका जगली! टाळ्या अशा पडल्या की छपराचे दोन पत्रे उडाले."

सून पलंगावर उठून बसली. "अहो, हेच नाव. सगळे गांगरतात तेव्हा जिला पुढचं वाक्य सुचतं, तिचंच."

"पण त्या दासीचं नाव काय?" मास्तरने विचारलं.

मी सांगितलं. त्याने आधी हळू म्हणून पाहिलं, मग मोठ्याने. मग यादीची घडी करून पाळण्याच्या डगमगत्या पायाखाली सारली.

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "कुठलं हो हे नाव?"

आमचा मास्तर छाती फुगवून म्हणाला, "अभिजात नाटकातलं. माझ्या आईनं ती भूमिका केली आहे."

मला चष्मा पुसावा लागला.

आता त्याच चष्म्याची शपथ घेतली आहे, म्हणून सांगून टाकते. पत्रे उडाले, खरं. नायिका जगली, तेही खरं. पण त्या दासीला नाटकात नावच नाही. पुस्तकात नुसतं 'दासी' छापलंय. नाव मी पाळण्याकडे बघत तिथल्या तिथे ठेवलं. मास्तरला सांगू नका. वर्गात दाखवायला ते पुस्तक मागतोय, आणि मी ते गादीखाली घालून वर बसले आहे.