शुकरीचं न बोललेलं वाक्य

मौन कसलं डोंबलाचं! शुकरी अल-बिन्हावी हा माणूस जन्मात कधी गप्प बसला नाही. दाढी करताना बोलायचा, जेवताना बोलायचा, झोपेतसुद्धा प्रकाशवाल्यांना शिव्या घालायचा. आणि आता नाट्य अकादमीतली पोरं वह्या घेऊन आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या घरी येतात आणि मला विचारतात, "मादाम करीमान, उस्तादांच्या अभिनयातल्या मौनाचा उगम कुठला?" मी त्यांना चहा देते, बिस्किटं देते. उगम सांगत नाही. उगम समोर बसून चहा ओतत असतो, एवढंही त्यांना दिसत नसेल तर सांगून तरी काय उपयोग?

लग्न झालं तेव्हा शुकरी पाटबंधारे खात्यात कारकून होता आणि संध्याकाळी इमाद अल-दीन रस्त्यावरच्या एका नाटक मंडळीत दुय्यम कामं करायचा. मी त्याच मंडळीत नायिकेची बहीण. त्याला राग आला की आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग तोंड सुटायचं. माझंही तोंड काही शिवलेलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते अलेक्झांड्रियाच्या उन्हाळी मुक्कामात. प्रयोग संपला, सगळी मंडळी मासे खायला बसलेली, आणि हा म्हणतो, "करीमान, रंगमंचावर मरताना एवढी बोंबलतेस कशाला? लोक दचकून उठतात."

"उठतात म्हणजे आधी झोपलेले असतात," मी म्हटलं. "कारण त्याआधी तुझा प्रवेश असतो."

अख्खी पंगत खो खो हसली. ह्याचे कान लाल झाले, मान लाल झाली, आणि सगळ्यांसमक्ष ह्याने म्हटलं, "तुला तलाक दिला!" झालं. आठवडाभराने डोळे सुजवून, आंब्यांची करंडी घेऊन दारात उभा. तलाकनंतर ठरलेल्या मुदतीच्या आत नवऱ्याने परत बोलावलं की बायकोला परत नांदता येतं, तसं मी नांदायला गेले. आंबे मात्र एकटीने खाल्ले.

दुसऱ्यांदा झालं ते त्याच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी. तो दिग्दर्शक, मी नायिका. कॅमेरा चुकीच्या बाजूला लावलाय हे मी म्हटलं, आणि खरंच चुकीच्या बाजूला होता, पण मी ते दिवे धरणाऱ्या माणसांसमोर म्हटलं. पुन्हा कान, पुन्हा मान, पुन्हा तो शब्द. मी तडक तांताला आईकडे निघून गेले. तो पाठोपाठ आगगाडीने आला. आईने त्याला दाराबाहेर उभं ठेवलं, आणि आतून माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघून म्हणाली, "दोन झाले, शुकरी. तिसऱ्यांदा बोललास तर परतीची वाट बंद. मग तू रडलास काय आणि आंबे आणलेस काय. तोंडाला कुलूप घाल बाबा."

त्या माणसाने खरंच कुलूप घातलं. राग आला की टोपलीतली भाकरी उचलून तोंडात कोंबायचा. समोर भाकरी नसेल तर जे असेल ते. एकदा लोणच्याचं अख्खं लिंबू कोंबलं आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना माझ्याकडे बघत राहिला. मी हसले, तोही हसला, लिंबू कार्पेटवर पडलं. आमच्या संसाराची सगळ्यात चांगली वर्षं तीच.

मग 'बंद खिडकी' आलं. फुआद नावाच्या तरुण लेखकाने लिहिलेलं नाटक. त्यातली नवाल! नवऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं घुसमटलेली बाई, शेवटच्या प्रवेशात नवरा तिला तलाक देतो आणि तिला वाटतं, कुणीतरी दार उघडलं. अशी भूमिका नटीच्या वाट्याला एकदा येते, तीही आली तर. संहिता वाचून मी रात्रभर जागी होते. सकाळी शुकरी म्हणाला, "नवरा मी करतोय. नवाल इजलाल करेल."

इजलाल! आमच्याच मंडळीतली नटी, पण तिला धड चालता यायचं नाही, रंगमंचावर बाजारात निघाल्यासारखी चालायची.

"का?" मी विचारलं.

त्याने भाकरीची टोपली जवळ ओढली. "शेवटचा प्रवेश वाचलास ना?"

"नाटकातला तलाक तो! नवाल आहे ती, करीमान नाही."

"नाव नवालचं. समोर उभी कोण? तू. बोलणार कोण? मी. ह्या गोष्टीत थट्टा चालत नाही करी, थट्टेत बोललेलंही खरं धरतात."

मी डोक्यावर ओढणी घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या, धर्मशास्त्र जाणणाऱ्या शेख मितवल्लींकडे गेले. ते म्हणाले, नट दुसऱ्याचं बोलणं बोलतो, त्याचा तो हेतू नसतो, खुशाल करा. मी नाचत वर आले. तेवढ्यात शुकरी हुसैनच्या मशिदीजवळच्या दुसऱ्या शेखांना विचारून आला होता. ते म्हणाले, एकच तलाक उरला असेल तर कशाला विस्तवाशी खेळता?

"दोन शेख, दोन मतं," शुकरी म्हणाला. "आणि बायको मला एकच."

"मग नवरा दुसऱ्याला करू दे!"

ते बर्सूम एफेंदींना मान्य नव्हतं. पैसा त्यांचा, थिएटर त्यांचं. "तिकिटं शुकरीच्या नावावर जातात," ते म्हणाले, "आणि मादाम, खरं सांगायचं तर इजलालच्या नावावर कुणी फुकटसुद्धा येणार नाही." एवढं एक वाक्य सोडलं तर बर्सूम एफेंदी आयुष्यात शहाणं काही बोलले नाहीत.

मी शुकरीला म्हटलं, "तू दिग्दर्शक ना? मग काढ मार्ग. ही भूमिका मी सोडणार नाही, आणि तुलाही सोडणार नाही. दोन्ही हवंय मला." तो बराच वेळ भाकरी चावत बसला. मग म्हणाला, "बरं."

तालमीत त्या जागी आला की तो चुटकी वाजवायचा आणि म्हणायचा, "इथे मी ते बोलतो. पुढे चला." मी पुढचं वाक्य म्हणायचे. नवालचं वाक्य होतं, "बोललात एकदाचं!" आणि मग ती दाराकडे निघते. सगळ्यांना वाटलं, मोठा नट आहे, राखून ठेवतोय. तो काय करणार हे मलाही ठाऊक नव्हतं. विचारलं की भाकरी कोंबायचा.

पहिल्या प्रयोगाला थिएटर फुललेलं. पडद्यामागे काठीचे तीन ठोके पडले आणि पडदा वर गेला. दोन अंक झकास गेले. शेवटचा प्रवेश आला. पहिल्या रांगेत फुआद पुढे झुकून बसला होता, स्वतःच्या वाक्याची वाट बघत. शुकरी माझ्यासमोर उभा राहिला. "नवाल," तो म्हणाला, "या घरात तुझं आता..."

आणि थांबला.

कान लाल झाले. मान लाल झाली. रंगमंचाच्या कडेला जमिनीतल्या खोक्यात विसरलेली वाक्यं पुरवणारे सूचक बसायचे, आमचे दसूकीकाका. त्यांना वाटलं, हा विसरला. त्यांनी खालून कुजबुजत वाक्य दिलं. शुकरी गप्प. त्यांनी जरा मोठ्याने दिलं. शुकरी गप्प. तिसऱ्यांदा ते एवढ्या जोरात म्हणाले, की पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल, "तुला तलाक दिला! अरे, तुला तलाक दिला!" शुकरीने हळूच एक पाऊल मागे टाकलं आणि टाचेने खोक्याचं झाकण लावून टाकलं.

मग त्याने खिशात हात घातला. त्यातून आमच्या घराची किल्ली काढली. नाटकातली नव्हे, शुब्राच्या घराची, जिच्या कडीत मी लाल धागा बांधला होता. त्याने माझा हात धरला, उघडला, किल्ली तळव्यावर ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली. लोकांना वाटलं, अभिनय. मी बघत होते त्याच्या तोंडाकडे. ओठ असे घट्ट मिटलेले, आतून दातांत धरलेले.



"बोललात एकदाचं," मी म्हटलं. आणि तो शब्द न बोललेल्या माणसाला ते वाक्य असं जाऊन लागलं की बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. मी किल्ली मुठीत धरून दारातून बाहेर पडले आणि विंगेत भिंतीला टेकून मीही रडले. भूमिका माझी होती आणि नवराही माझाच होता. असं सुख मला पुन्हा कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, आपल्या रंगभूमीवर मौनाचा जन्म झाला. फुआद आधी भांडायला आला, परीक्षणं वाचून मिठी मारून गेला. दसूकीकाका मात्र आठवडाभर रुसले. शुकरी त्यांना म्हणाला, "काका, बायको माझी, आणि तलाक तुम्ही देताय होय?"

त्यानंतर जिथे म्हणून तो शब्द आला, तिथे शुकरी गप्प. पडद्यावर, दूरदर्शनच्या मालिकांत, माझ्यासमोर असो वा दुसऱ्या नटीसमोर. सवयच लागली. कधी टोपी ठेवायचा, कधी खिडकी लावायचा, कधी नुसता पाठ फिरवायचा. लोक त्या क्षणाची वाट बघायचे. त्याला बक्षिसं मिळाली, शिष्य मिळाले, नकला करणारे मिळाले. एका समीक्षकाने त्याला विचारलं, "उस्ताद, हे तुम्ही पॅरिसला शिकलात?" शुकरी म्हणाला, "नाही, तांताला." मी स्वयंपाकघरात हसून हसून बेजार झाले.

आता तो विसरतो. आधी नावं गेली, मग रस्ते. सकाळी पाटबंधारे खात्यात जायला निघतो. काही दिवस मला ओळखतो, काही दिवस "बाई, तुमचा चहा छान असतो" म्हणतो. मी म्हणते, "आभारी आहे साहेब." काय करायचं? रडून झालं माझं.

गेल्या वसंतात अकादमीने त्याचा सत्कार ठेवला. वाईल नावाचा तरुण दिग्दर्शक घरी आला होता. आम्ही दोघांनी 'बंद खिडकी'तला एखादा प्रवेश नुसता वाचावा, असं ठरलं. मी निक्षून सांगितलं, पहिला प्रवेश, खिडकी रंगवण्याचा, हलकाफुलका. तो हो म्हणाला. सत्काराला रंगमंचावर दोन खुर्च्या, समोर भरलेलं सभागृह, आणि वाईल मोठ्या हौसेने म्हणतो, "आज एक आश्चर्य! ज्या प्रवेशाने इतिहास घडवला, तो शेवटचा प्रवेश!" आणि आमच्या हातात कागद दिले. छापील. फुआदने लिहिलं होतं तसेच, तो शब्द तसाच काळ्या ठळक अक्षरांत.

शुकरीला आता काही आठवत नाही, समोर लिहिलेलं असेल ते तो वाचतो. दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचतो. ज्याचं भान सुटलंय त्याचं बोलणं धरत नाहीत, हे मला माहीत आहे. शेख मितवल्ली असते तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. पण मनाला कोण सांगणार? आयुष्यभर जे ऐकायचं टाळलं, ते आता ह्या वयात, ह्या आवाजात ऐकायचं?

तो वाचायला लागला. काय आवाज लागला त्याचा! मी घाईने वाचत होते, मधली वाक्यं गाळत होते, आणि अर्ध्यावरच एकदम शेवटच्या पानावर उडी मारली. शुकरीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पान उलटू नका बाई," तो म्हणाला. "अजून माझं वाक्य आहे."

लोक हसले.

तो कागदावर बोट ठेवून पुढे सरकला. "नवाल, या घरात तुझं आता..."

बोट थांबलं. त्या ठळक अक्षरांवरच थांबलं. ओठ हलले. मी डोळे मिटून घेतले. मग काहीच ऐकू आलं नाही म्हणून उघडले, तर त्याचे कान लाल झालेले. म्हातारे, सुरकुतलेले कान, लालबुंद. त्याने कोटाचा खिसा चाचपला. दुसरा चाचपला. किल्ली नव्हती, किल्ल्या आता मी ठेवते. तो गोंधळला, इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने चष्मा काढला, माझा हात ओढून घेतला आणि चष्मा माझ्या तळव्यावर ठेवून बोटं एकेक करून मिटवली. चष्म्याशिवाय त्याला एक अक्षर वाचता येत नाही.

"बोललात एकदाचं," मी म्हटलं. कसंबसं म्हटलं.

टाळ्या थांबेनात. वाईल रडत होता, मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती, पण त्याने इतकी घट्ट मिठी मारली की राहून गेलं.

परतताना टॅक्सीत शुकरी बाहेर बघत होता. पूल आला, नदी आली. तो अचानक माझ्याकडे झुकला.

"करी."

कितीतरी दिवसांनी त्याने मला नावाने हाक मारली होती.

"काय रे?"

"बोललो नाही ना मी?"

"नाही बोललास."

"म्हणजे एक शिल्लक आहे अजून."

"आहे."

"मग तो तूच सांभाळून ठेव," तो म्हणाला. "मी हल्ली विसरतो."

मी त्याचा चष्मा ओढणीने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला.