बारक्यांवर माती

"बाने, चल! उसाला पोरं झाली!"

तात्या दारात उभे राहून ओरडले तेव्हा माझे हात पिठात होते. तात्या म्हणजे माझे सासरे, म्हस्कू. त्यांच्या पाठीवर घोंगडीची खोळ होती आणि खोळीतून छकुलीचं टोपडं तेवढं दिसत होतं. माझी लेक दिवसाचा निम्मा वेळ त्या खोळीतच असायची. भूक लागली की माझ्याकडे यायची, पोट भरलं की पुन्हा आजाच्या पाठीवर.

हात धुऊन मी त्यांच्यामागे गेले. चौऱ्याण्णव सालचा श्रावण सरत आला होता. वडगाव निंबाळकरच्या पुढे, कॅनॉलच्या अंगाला आमचं रान. आषाढात लावलेला ऊस गुडघ्याला लागत होता. तात्या सरीत उकिडवे बसले आणि एका कोंबाच्या बुडाची माती त्यांनी बोटांनी हळूच बाजूला सारली. थोरल्या कोंबाला चिकटून दोन्ही अंगांनी पांढुरके, टोकदार फुटवे वर येत होते. काही तर नखाएवढेच.

"कांडीवरचा एक डोळा लावला आपण. आन कुटुंब बघ केवढं," तात्या म्हणाले. "मेंढीला एकच व्हतं. लई झालं तर दोन. ही बया कुठनं पाजायची एवढ्यांना?"

आमच्या घरातला हा पहिलाच ऊस. त्याआधी आमचं घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. छकुली त्याच वाटेवर झाली. भोरच्या पुढे, पालात, सातव्या महिन्यात. रडलीसुद्धा नाही. तळावरच्या बाया माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. खड्डा कुठे घ्यायचा, असं त्यांतली एक बाहेर विचारत होती, ते मला पालात ऐकू आलं. तात्यांनी पोर उचलली, उघड्या छातीशी धरली आणि वरून घोंगडी गुंडाळली. हे, म्हणजे माझे मालक मल्हार, कळप घेऊन पुढे गेले. तात्या तिथून हलले नाहीत. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवायची आणि तिच्या ओठांत पिळायची, एवढंच करत बसून राहिले.

छकुली जगली. माघारी आल्यावर तात्यांनी मेंढरं विकली, विहिरीवर इंजिन बसवलं आणि ह्यांच्या इंदापूरकडच्या आत्याबाईंच्या मळ्यातून उसाचं बेणं आणलं. "ह्या पोरीला चालती वाट सोसायची न्हाय. हिला एका जागंवर छप्पर पायजे," एवढंच बोलले. विकलेली मेंढरं दुसऱ्याच्या मागे निघाली तेव्हा घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

आमच्या बांधाला द्वारकाकाकूंचा मळा होता. माळ्याचं घर. वांगी, टोमॅटो आणि बाकी सगळा ऊस. काकूंच्या मालकांना दम्यामुळे रानात उतरवत नसे, म्हणून सगळं काकूच बघायच्या. आम्हाला ऊस त्यांनीच शिकवला, बांधावर उभं राहून, टोमणे मारत.

"म्हस्कूतात्या, कळपामागनं फिरल्यावानी काय हिंडताय सरीतनं? ऊस पळून जात न्हाय."

"पळत न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय," तात्या म्हणायचे. "मेंढराचं दुखणं त्याच्या चालीत दिसतं. ह्याचं कुठं बघायचं?"

भादव्यात काकूंनी बाळबांधणी करायला सांगितली. फुटव्यांच्या बुडाशी हलकी माती लावायची, म्हणजे ते धरतात. तात्यांनी ती खुरप्यानं, जवळजवळ बोटांनीच केली. पाळण्यातल्या पोराला दुपटं सारखं करावं तशी.

त्या दिवशी सगळं रान बघून काकू ह्यांना म्हणाल्या, "मल्हार, दिवाळीच्या पाडव्याला आमचा वाटेकरी ठरवायचाय. तुमचा ऊस तवर असाच नेटका ऱ्हायला, तर आमचं रान तुला वाट्यानं देते. न्हायतर मग मला दुसरा बघाय लागंल."

काकूंचं रान मिळालं तर ह्यांना घर सोडून जावं लागणार नव्हतं. आमचा ऊस तुटायला पुढचं वर्ष उजाडणार होतं, आणि तोवर खायचं काय, हा प्रश्न होताच. चुलतदीर गेणू त्यांच्या कळपाला माणूस शोधत होते. त्यांना हे म्हणाले, "पाडव्याला सांगतो." आणि संध्याकाळी बारामतीहून एक लोखंडी कडी आणून आढ्याला ठोकली. पाळण्याची.

"हिला कशाला आता पाळणा? रांगंल की उद्या," मी म्हणाले.

"हिला न्हाय," हे म्हणाले आणि हसले. मीही हसले. त्या घरात आम्ही दोघं एकत्र हसलेलं मला तेवढंच आठवतं.

दसरा झाला तशी काकूंनी मोठ्या बांधणीची घाई लावली. बैलांना रिजर, म्हणजे माती चढवायचा नांगर, जोडायचा, मधल्या वरंब्याची माती फोडायची आणि उसाच्या दोन्ही अंगांना चढवायची. थोरल्या उसांना आधार होतो. मागून आलेले बारके फुटवे त्या मातीखाली दबतात, नवे फुटायचे थांबतात. काकूंनी आपले बैल दिले. ह्यांनी पहिली सरी धरली. माती दोन्हीकडे ओसंडत चालली.

तात्या सरीच्या टोकाला छकुलीला घेऊन उभे होते. मागे नुसती माती, तिच्यातून कुठेकुठे हिरवं टोक, हे त्यांनी बघितलं आणि एकदम बैलांसमोर जाऊन उभे राहिले.

"थांब! आरं, जित्ती हायती ती!"

"गाडायचीच असत्यात, तात्या. बांधणी त्याच्यासाठीच हाय."

"मागनं आलं म्हणून मारायचं? मागनं आलेलं कोकरू कधी टाकलं व्हतंस का तू?"

"ऊस म्हंजी मेंढरू न्हाय."

"जीव हाय नव्हं?"

काकू बांधावरून ओरडल्या, "सगळ्यांस्नी जगवाया गेलासा तर एकबी धड जगायचा न्हाय, तात्या!"

तात्यांनी छकुलीला माझ्याकडे दिलं, गुडघ्यांवर बसले आणि त्या सरीतले फुटवे उकरून काढायला लागले. एकेक पान बोटांनी पुसत होते. ह्यांनी थोडा वेळ बघितलं. मग बैल सोडले.

"जरा थोर हुंद्या," तात्या म्हणाले. "मग घाला माती."

त्यानंतर ते रोज पहाटे रानात जायचे. बारक्या फुटव्यांच्या बुडाशी चिमूट चिमूट खत टाकायचे, वर तांब्यानं पाणी. ह्यांनी दोनदा समजावलं, एकदा भांडण केलं. शेवटी मला म्हणाले, "तुझं ऐकत्यात ते. तू सांग. दिवाळी आली."

मी गेले. तात्या बांधावरच्या लिंबाखाली बसून छकुलीला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. ती अजून धड बसत नव्हती, म्हणून तिला त्यांनी मांडीच्या खोबणीत टेकवलं होतं.

"तात्या, द्वारकाकाकू जाणत्या हायत. बारकं ठेवलं तर थोरलं पोसायचं न्हाय म्हणत्यात."

त्यांनी छकुलीच्या हनुवटीवरचं दूध पुसलं. वर बघितलं नाही.

"भोरच्या तळावरबी जाणत्याच बाया व्हत्या, बाने."

छकुलीनं त्यांचं बोट धरून तोंडात घातलं. मी घरी आले.

"सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

मी चुलीतली लाकडं आत सारली. 

दिवाळीपर्यंत ऊस छातीला आला. पानांना पानं भिडली. वरून बघितलं तर हिरवंगार. आत वाकून बघितलं की दिवसाउजेडी अंधार. त्या अंधारात बारके आधी पिवळे पडले, मग वाळायला लागले. तात्यांनी पाणी वाढवलं. तरी वाळत होते. थोरलेसुद्धा अंग धरत नव्हते, बोटाएवढे बारीक राहून नुसते उंच चालले होते.

वसुबारसेला काकू आल्या. वाकून सरीत शिरल्या, एक वाळका फुटवा धरून ओढला. तो सुळकन हातात आला.

"कीड न्हाय, रोग न्हाय," काकू म्हणाल्या. "वरच्यांनी ह्यांचं ऊन खाल्लं, ह्यांनी वरच्यांच्या तोंडचं खाल्लं. दोगंबी उपाशी." त्या दिवशी टोमणा काही मारला नाही.

तात्यांनी तो फुटवा त्यांच्या हातून घेतला. उलटा करून बुडाकडे बघितलं, वास घेतला. मेलेलं कोकरू असंच बघायचे ते, कशानं गेलं ते कळावं म्हणून.

"मल्हार," ते म्हणाले, "बैल आण."

हे धावत जाऊन बैल घेऊन आले. पण बैल सरीत शिरेनात. मारून मुटकून आत घातले, तर जू अडकून चांगले ऊस कडाकडा मोडायला लागले. पाती बैलांच्या डोळ्यांत जात होती. दहा पावलं गेल्यावर ह्यांनी बैल मागे घेतले. बांधणीची वेळ गेली होती.

पाडव्याला काकूंनी रान सांगवीच्या एका माणसाला दिलं. दुपारी स्वतः आमच्याकडे आल्या, फराळाचं ताट घेऊन. "राग धरू नगंस, बाने. माझंबी पोट त्याच रानावर हाय. पोरीला दूध नेत जा माझ्याकडनं." मी ताट घेतलं. राग धरावा असं त्यांनी काही केलंच नव्हतं.

गेणूभावजींचा कळप भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघाला. ह्यांनी छकुलीला उचललं, वर धरलं.

"माघारी येस्तोवर वळखंल का मला?"

"वळखंल की. आजाचंच नाक हाय तुमाला."

त्यांना हसायला यावं म्हणून मी म्हणाले. आलं नाही. पोर माझ्याकडे देताना त्यांची नजर आढ्याच्या कडीवर गेली, मग बाहेर.

तात्या अंगणात उभे होते. बापलेक वसुबारसेपासून बोलले नव्हते. तात्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, तिचीच, छकुलीची, आणि ह्यांच्या खांद्यावर टाकली.

"घाटात गारठा असतो," ते म्हणाले. "एखादं बारकं मागं ऱ्हायलं तर..."

 ह्यांनी खोळ सारखी केली आणि निघाले. कॅनॉलच्या कडेनं मेंढरांचा धुरळा बराच वेळ दिसत राहिला. माझ्या कडेवरची पोर त्या धुरळ्याला हात हलवत होती. तिला तो खेळ वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तात्या घरात नव्हते, खोरंही नव्हतं. मी छकुलीला घेऊन रानात गेले. तात्या उसाच्या पहिल्या सरीत होते. बैल जात नाहीत तिथे माणूस वाकून जातो. घोंगडीशिवाय ते फार लहान दिसत होते. गुडघे टेकून, मान खाली घालून, खोऱ्यानं माती ओढत होते आणि उसाच्या बुडाशी चढवत होते. वाळक्यांवर, पिवळ्यांवर, आणि मधूनच अजून हिरवे राहिले होते त्यांच्यावरसुद्धा. पातीनं त्यांच्या कपाळावर, गालावर रेघा ओढल्या होत्या.

त्याचा आता काही उपयोग होता का, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. मी लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, छकुलीला तिच्यात घातलं, आणि विहिरीवरचं दुसरं खोरं घेऊन त्यांच्या शेजारच्या सरीत शिरले. झोळी उसाकडे तोंड करून होती. छकुली झोळीच्या काठावर रेलून आमच्याकडे बघत होती, आजाला ओळखून काहीतरी बडबडत होती.

तात्यांचं खोरं थांबलं.

"बाने," ते म्हणाले, "आधी तिचं तोंड तिकडं कर. कॅनॉलकडं. ही माती तिला दिसाया नगं."