गुरवाराच्या उद्या

सोमीला सासरी येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात तिच्या तोंडातून एक साधा शब्द हद्दपार झाला होता. नवऱ्याचं नाव धाऊ. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तिला ठाऊक होतं, पण सासू आवडी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. नावासारखा शब्दसुद्धा तिला खपत नसे. म्हणून वासरू धावलं तरी सोमीनं ‘पळालं’ म्हणायचं. आवडी स्वतःही तशीच. तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव शुक्रा, तेव्हा गेली चाळीस वर्षं ती शुक्रवाराला ‘गुरवाराच्या उद्या’ म्हणत होती. आता यावर कुणी काय बोलावं!

भात झोडून झालं आणि एका शुक्रवारी सकाळी धाऊनं होडी काढली. नदीनं वर जायचं, मासे धरायचे, रानात चढून कंद खणायचे, काठावर भाजून खायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी. हा त्यांचा दरसालचा नेम. सोमीची पहिलीच खेप. तिचं माहेर ठाकुरवाडीकडचं, घाटातलं. आगगाडीच्या शिट्ट्या ऐकत ती वाढली, पण पोहणं काही तिला येत नव्हतं. होडी जरा डुलली की ती दोन्ही हातांनी काठ घट्ट धरी आणि धाऊ गालातल्या गालात हसे.

वरच्या डोहाशी होडी लागली. आवडीचे गुडघे धरलेले, ती गळ टाकून होडीतच बसली. सोमीनं उंबराच्या मुळाला दोर बांधला, जमेल तशी गाठ मारून.

मग दोघं डोंगर चढू लागली. घरात सासूसमोर ती धड एकमेकांकडं बघतही नसत. इथं धाऊ काटेरी फांद्या तिच्यासाठी बाजूला धरत होता. “दमलीस का गं?” त्यानं विचारलं. दमली नव्हती, पण त्यानं विचारलं म्हणून ती थोडी दमली.

कंदाचा वेल सापडला. धाऊ खणायला बसला आणि सोमी जाळ करायला खाली आली. बघते तर गाठ सुटलेली. होडी डोहाच्या मध्यावरून खाली निघालेली आणि आत आवडी मान टाकून गाढ झोपलेली. खाली खडकांतून धार जोरात कोसळत होती.

“आत्याबाई!” म्हातारी हलेना. सोमीनं रानाकडं तोंड केलं. “अवो! अवो, पळा! पळा!”

बायको खालून ‘पळा’ म्हणते म्हणजे वाघच, दुसरं काय असणार! धाऊ शेजारच्या ऐनाच्या झाडावर चढला आणि वरून ओरडला, “तू पन चढ गं झाडावर! कुटं हाय वाघ?”

सोमीला रडू फुटलं. होडी धारेला लागत होती. मग सहा महिने कोंडून ठेवलेलं तिनं एकदम सोडून दिलं.

“धाऊ! धाऊ, ये रं! आत्याबाई चालल्या!”

आपलं नाव त्या आवाजात धाऊनं कधी ऐकलंच नव्हतं. तो झाडावरून उतरला की पडला कोण जाणे, पण पाण्यात होता. खडक हातभर राहिला असताना त्यानं दोर धरला.

आवडी काठावर येऊन बसली. सोमीनं तिचे पाय धरले. “आत्याबाई, गाठ मीच मारली. आनि नाव बी घेतलं.”

“आये, तिला काय बोलू नको,” धाऊ म्हणाला.

“मी कशाला बोलू?” म्हातारी म्हणाली. “तुजा बा ह्याच नदीला गेला. लोंढा येताना मला दिसत व्हता. मी काठावरनं ‘अवो, अवो’ करीत ऱ्हायले. काठावर धा बाया, समद्याच ‘अवो’ करीत. तुज्या बाला वाटलं असंल, दुसऱ्या कुनाला हाक हाय. त्यांनी मागं बगितलंच नाय.”

सोमीनं सासूचा गार हात आपल्या हातात धरून ठेवला. मासे भाजले, कंद भाजले. आधी कुणाला घास जाईना, मग हळूहळू गेला. निघताना आवडीनं सुनेला गाठ मारायला शिकवली, दोनदा सोडून दोनदा मारायला लावली.

होडी घराकडं निघाली तशी आवडीनं विचारलं, “आज वार कंचा गं?”

“गुरवाराच्या उद्या,” सोमी सवयीनं म्हणाली.

“नाय,” आवडी म्हणाली. “शुक्रवार.”

मग पाण्याकडं बघत, हाक मारावी तेवढ्या मोठ्यानं, ती म्हणाली, “शुक्रा.”